आजोबांची छत्री आणि बावन्न सेंटिमीटरचा कोहळा

माझ्या लेकीला मी पहिल्यांदा कॉमिक्समधला वेताळ दाखवला तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिने अंक डोळ्यांजवळ धरला, लांब धरला आणि विचारलं, "ह्याने चड्डी पँटच्या वरून का घातलीय?" मी उत्तर जुळवेपर्यंत दुसरा प्रश्न आला, "आणि रंग रेषेच्या बाहेर का गेलेत? आमच्या बाई असं चालवून घेत नाहीत." अंक माझ्या मांडीवर ठेवून ती अंगणात मांजरामागे पळाली.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. ते अंक माझ्या मामाचे. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्सवाल्यांनी १९६४ साली सुरू केलं आणि १९९० साली बंद केलं. मामा सावंतवाडीला शिकायला होता तेव्हा एसटी स्टँडवर घेतलेले साठ-पासष्ट अंक त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत पडून होते. ती ट्रंक माझ्या हाती लागली तोवर अंक निघणं थांबून चार वर्षं झाली होती. त्यामुळे नव्या अंकाची वाट बघणं हा प्रकार माझ्या नशिबी आलाच नाही. होते तेच फिरून फिरून वाचायचे. दोन-तीन अंकांची शेवटची पानं कसरीने खाल्लेली. त्या गोष्टींचे शेवट मी मनाने रचले, आणि खरे शेवट मला आजही ठाऊक नाहीत.

आता मी बेचाळीस वर्षांची आहे. शिरोड्याच्या बाजूला माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. सातबारा, दाखले, लग्नपत्रिका, दहावीचे फॉर्म. काउंटरच्या आतल्या बाजूला स्पायडरमॅनचं स्टिकर आहे, ते बघून गिऱ्हाईक म्हणतं, "लेकीने लावलं वाटतं." मी हो म्हणते. असल्या गोष्टींचं वेड असलेल्या माणसाला शहरात गीक म्हणतात. आमच्याकडे म्हणतात, "हिका कायतरी लागला."

वेताळाचं आणखी एक होतं. ली फॉक या अमेरिकन लेखकाच्या फँटमला आपल्याकडे वेताळ हे नाव दिलं, आणि आरवलीला तर खुद्द वेतोबाचं, म्हणजे देव वेताळाचं, देऊळ. लहानपणी माझी पक्की समजूत होती की दोघे एकच. एक डेंकालीच्या जंगलात कवटीच्या गुहेत असतो, लांडगा आणि घोडा पाळतो. दुसरा इकडे बदली होऊन आलेला. आजोळी सांगून बघितलं, तर आजीने पाठीत धपाटा घातला आणि देवाला केळ्यांचा घड बोलून माझी चूक माफ करून घेतली.

लेकीला मात्र मी काही सांगितलं नव्हतं. ती आठ वर्षांची असताना सासूबाई तिला आरवलीला घेऊन गेल्या, मी मागे स्कूटरवर. वेतोबाची मूर्ती उंचच्या उंच, नऊ फुटी. समोर नवसाच्या चपला ठेवलेल्या, एकेक हातभर लांब. लेक मूर्तीपेक्षा चपलांकडेच बघत राहिली. सासूबाईंनी तिला सांगितलं की देव रात्रीचा गावात फिरतो, राखण करतो, म्हणून चपला झिजतात, म्हणून लोक नव्या देतात. परत येताना स्कूटरवर माझ्या कानाशी तोंड आणून ती म्हणाली, "आई, हा बॅटमॅनच ना?"

बॅटमॅन तिला कुठून भेटला हे मला माहीत होतं. चुलतभावाच्या मोबाइलवर कार्टून बघून. माझ्या ट्रंकेतून नाही, एवढंच मला लागलं होतं. तोच का आवडतो, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "त्याच्याकडे पॉवर नाहीय. आणि तो रात्री बाहेर जातो तर त्याला कोणी ओरडत नाही."

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेतून चिठ्ठी आली. डिसेंबरात गॅदरिंग, त्यात वेशभूषा स्पर्धा, वेशभूषेतून सामाजिक संदेश असावा. आमच्याकडे दरवर्षी ठरलेली मंडळी असतात: दोन झाशीच्या राण्या, एक सैनिक, एक कोळीण, एक झाड. लेकीने चिठ्ठी दिली आणि काय व्हायचं तेही सांगून टाकलं. नवरा गोव्यात नोकरीला, शनिवार-रविवार घरी. तो फोनवर म्हणाला, "मागव ना ऑनलाइन." मी बघितले. चकचकीत पातळ कापड, छातीत कापूस भरून केलेले स्नायू, आणि तोंडावर प्लॅस्टिकचा मुखवटा. आयुष्यभर ज्या गोष्टीचं वेड बाळगलं, ती एकदा करायची वेळ आली तर कापसाचे स्नायू विकत घेऊ? म्हटलं, आपण बनवू. हे वाक्य मी किती सहज बोलले याचं पुढे दोन महिने आश्चर्य करत होते.

मुखवट्यासाठी फोम लागतो. ईव्हीए म्हणतात त्याला, आपल्या हवाई चपलेच्या भावकीतलाच. पाच मिलिमीटर जाडीची दोन काळी पानं मागवली. फोम यायला आठवडा लागणार होता, तोवर माप. लेकीच्या डोक्याचा घेर भरला बावन्न सेंटिमीटर. डोक्यावर पातळ प्लॅस्टिक लपेटून वरून चिकटपट्टी मारायची, त्यावर रेघा आखून कापून काढायचं, म्हणजे साचा मिळतो, हे मी व्हिडिओत बघितलं होतं. त्यातल्या बाईच्या डोक्याला गुदगुल्या होत नसाव्यात. आमची दोन मिनिटांत उठून पळाली, केसांत टेप घेऊन.

मग मी माळ्यावर गेले. आमच्याकडे कोहळे माळ्यावर ठेवतात, पावसाळ्यातले माघापर्यंत टिकतात. शिंप्याची टेप घेऊन एकेकाचा घेर मोजत बसले. एक्कावन्न, सत्तावन्न, आणि एक निघाला बरोबर बावन्न. थोडा लांबट, डोक्यासारखाच. त्याला खाली आणून पाटावर उभा केला आणि टेप लावायला घेतली तर टेप धरेना. कोहळ्यावर पांढरी भुकटी असते, हे भाजी करताना रोज बघते, पण डोक्यात आलं नाही. भांड्यांच्या साबणाने घासून कोहळ्याला आंघोळ घातली, पुसला, मग टेप धरली. लेकीने मार्करने डोळे, भुवया, कानांच्या जागा काढल्या. सासूबाई देवाचा दिवा लावून बाहेर आल्या आणि पाटावर बसलेलं ते डोकं बघून म्हणाल्या, "ह्यां कोण इलां?"

साचा कापून सपाट केला की खरी गंमत कळते. गोल वस्तू सपाट होत नाही, जागोजागी फुगते. ब्लाउजला टक्स घालतात तसे इथे चिरे द्यावे लागतात; फोमवर ते चिरे पुन्हा जोडले की त्याला गोलाई येते. दुसरं एक शिकले, साचा अर्धाच घ्यायचा. डावी बाजू आखायची, कागद उलटा करायचा, तीच उजवी. आम्ही आधी दोन्ही बाजू वेगवेगळ्या आखल्या होत्या, आणि कागदावरचा बॅटमॅन पक्षाघात झाल्यासारखा दिसत होता. कोहळ्याला नाक नसतं, तेव्हा नाकाचं माप लेकीच्याच तोंडावर वर्तमानपत्राची पट्टी दाबून घेतलं.

फोम आला. कटरचं पातं नवं असेल तर तो लोण्यासारखा कापतो, आणि वीतभर कापून झालं की तेच पातं फोम फाडायला लागतं. दर थोड्या वेळाने पात्याचं टोक मोडायचं. कापायचं काम माझं, नंबर घालायचं लेकीचं. तिने एक ते अकरा असे तुकडे मांडले आणि सात नंबर दोनदा घातला.

आता चिकटवायचं कशाने? फेव्हिकॉलने धरला नाही. तेव्हा आठवलं, चप्पल कशाने चिकटवतात? बाजारात एक चप्पलवाले काका बसतात. नवसाच्या चपला तेच करून देतात, वेतोबाच्या पायाची मापं त्यांच्याकडे तोंडपाठ. लेक, मी आणि फोमचे दोन तुकडे असे गेलो. त्यांनी तुकडा दुमडून बघितला, वास घेतला, सोल्युशनचा डबा उघडला. ब्रशने एका तुकड्याच्या कडेला लावलं, दुसऱ्याच्याही लावलं आणि दोन्ही बाजूला ठेवून चहा मागवला. लेकीची चुळबुळ सुरू. "जोडा ना काका." काका म्हणाले, "ओलां जोडलास तर सुटतला. बोटाक चिकटाचा बंद झाला काय मगेच जोडूचा." दहा मिनिटांनी बोट लावून बघितलं, तुकडे टोकाला टोक लावून दाबले. "आता ओढ." लेकीने ओढलं. मी ओढलं. फोम ताणला गेला, सांधा सुटला नाही. एकदा जोडलं की सरकवता येत नाही, त्यामुळे टेकवायच्या आधीच जागा नीट बघायची, हेही त्यांनी सांगितलं. अर्धी बाटली सोल्युशन दिलं. पैसे विचारले तर लेकीकडे बोट दाखवून म्हणाले, "कोणासाठी करतंस ता?" ती म्हणाली, "बॅटमॅन. तो पण रात्री फिरतो." काकांनी मान हलवली आणि विचारलं, "त्याच्या पायात काय असता?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, कारण पायांचा विचार आम्ही केलाच नव्हता.

घरी येऊन तसंच सगळं केलं आणि सकाळी उठून बघते तर एक कान जमिनीवर. परतीचा पाऊस रेंगाळला होता, हवा अशी ओली की मीठ बरणीतच पाघळलेलं. सोल्युशनवर पांढरट साय आलेली मला रात्री दिसली होती, मी तशीच जोडून टाकली. काकांना सांगितलं, तर म्हणाले कडकडीत ऊन पडल्याशिवाय हात लावू नको. आणि मला बरोबर ओळखून पुढे, "चुलीजवळ सुकवूक ठेवशीत, भडको उडतलो हां." मी तेच करणार होते. चार दिवस ऊन नाही. लेक दर दुपारी अंगणात जाऊन आभाळाकडे बघायची. तिला मी इतक्या चिकाटीने कशाची वाट बघताना पाहिलं नव्हतं. मला मनातून बरं वाटत होतं.

त्या चार दिवसांत मी तिला गोष्टी सांगितल्या. सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा, पण वेताळ १९३६ चा, म्हणजे दोघांच्याही आधीचा. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, तोंडावर मुखवटा, आणि मुखवट्यात बुबुळं नसलेले पांढरे डोळे, हे वेताळाने आधी केलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे बॅटमॅनने कॉपी केली?" आईचा अहंकार जपायला मी हो म्हणणार होते. पण ते पुरतं खरं नाही. बॉब केन या चित्रकाराने बॅटमॅनचं पहिलं चित्र काढलं तेव्हा त्याचा माणूस लाल कपड्यातला होता, डोळ्यांपुरता मुखवटा आणि पाठीला ताठ पंख. बिल फिंगर नावाच्या लेखकाने सुचवलं की मुखवटा डोकंभर कर, पंख काढ, त्याजागी झूल दे, लाल रंग नको. आपल्या सूचनांमागे फँटम होता, हे फिंगरने स्वतःच सांगून ठेवलंय. पण बॅटमॅनवर वर्षानुवर्षं नाव लागलं एकट्या केनचं. फिंगरचं नाव अधिकृतपणे यायला २०१५ साल उजाडलं, आणि तो १९७४ सालीच गेलेला. एवढं ऐकल्यावर लेक गप्प बसली. मग म्हणाली, "केनने सांगितलं नाही?" मी म्हटलं, फिंगर जिवंत होता तोवर नाही. "खोटारडा," ती म्हणाली. वेताळ-बॅटमॅन वाद तिथेच संपला. तिला त्यापेक्षा मोठी गोष्ट मिळाली होती.

पाचव्या दिवशी ऊन पडलं, कान बसले. मग फोमला गोलाई द्यायची तर उष्णता हवी. केस वाळवायच्या यंत्राने काही होईना. समोरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गरम हवेची गन असते, ती तासाभरासाठी आणली. फोम तापला की आधी मऊ पडतो, मग त्यावर किंचित चमक येते. तेवढ्यात कोहळ्यावर दाबून धरायचा, थंड होईपर्यंत. चमक आल्यावरही गन धरून ठेवली तर फोम आकसतो. पाच नंबरचा तुकडा असा मेला. लेकीने त्याला तुळशीमागे पुरला.

कोहळ्यावर मुखवटा चढवून आम्ही दोघी मागे सरलो. काळा, दोन कानांचा, कपाळावर आठी असलेला. मी गेली तीस वर्षं जे कागदावर बघत होते ते आमच्या पडवीत पाटावर बसलं होतं. माझे हात कापत होते, थकव्याने म्हणा.

झुलीचं कापड मिळेना. काळं सॅटिन आणलं, ते खिडकीच्या पडद्यासारखं लोंबायला लागलं. बॅटमॅनच्या झुलीची खालची कड सरळ नसते, वटवाघळाच्या पंखासारखी टोकाटोकांची असते. ती कशी आणायची याचा विचार करत मी कोहळा परत माळ्यावर ठेवायला गेले आणि तिथे खांबाला टांगलेली छत्री दिसली. मोठी, काळी, लाकडी दांड्याची, आठ काड्यांची. तीन काड्या मोडलेल्या. अर्धी उघडली तर काडी ते काडी कापडाची कड आत वळलेली आणि प्रत्येक काडीवर एक टोक. मी माळ्यावरच बसले. झूल ती, तयार.

कापड काड्यांना टोकाशी शिवलेलं असतं आणि मधे एकेका टाक्याने धरलेलं. ते टाके ब्लेडने तोडले, वरची टोपी काढली. आठ पाकळ्यांतल्या तीन कापून वेगळ्या केल्या, पाच ठेवल्या, मधल्या भोकाची जागा गळ्याला. लेकीच्या खांद्यावर टाकली तर गुडघ्याच्या खाली बरोबर पोचली. तिने दोन्ही हात पसरले. त्याच वेळी सासूबाई मागीलदारातून आत आल्या.

"ती छत्री खंयची हाडलंस?"

मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी लेकीच्या खांद्यावरच्या कापडाची कड बोटांत धरली, एका ठिकाणी बारीक रफू होतं ते बघितलं. मग म्हणाल्या, "माका विचारूक तोंड नाय होता?" आणि आत गेल्या.

छत्री सासऱ्यांची होती. मी लग्न होऊन आले तेव्हा ते नव्हते, म्हणून मला छत्रीला माणूस दिसला नाही, नुसतं कापड दिसलं. नवऱ्याला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "बाबा पोस्टात होते ना. पावसातून टपाल ह्याच छत्रीखालून जायचं." पुढे तो काही बोलला नाही, मीही नाही. रात्री जेवताना तोंड उघडलं ते फक्त लेकीने, तेही "अजून भात" म्हणायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून घरी आले तर सासूबाई पडवीत बसलेल्या, चष्मा लावून, मांडीवर ते कापड. मी ब्लेडने कापलेल्या दोन्ही कडा त्या दुमडून शिवत होत्या. हातटाका, इतका बारीक की मशीन लाजावी. मी म्हटलं, "आई, चुकलं माझं." त्यांनी सुई थांबवली नाही. "कड अशीच सोडलंस तर धागे सुटतले," म्हणाल्या. छत्रीचा पट्टा, बटणासकट, त्यांनी गळ्याशी लावला. उरलेल्या तीन पाकळ्या आणि दांडा मात्र त्यांनी आपल्या कपाटात ठेवला, कुलूप लावून.

शेजारचे आबा दशावतारी नाटकांत खलपार्टी, म्हणजे खलनायकाची कामं, करायचे. गुडघे गेले म्हणून थांबले, पण जत्रांचे दिवस आले की अजून रात्री उठून बसतात. लेक मुखवटा घालून त्यांना दाखवायला गेली. त्यांनी मुखवटा काढून घेतला, आतून हात फिरवला. "आत सुती फडको घाल. घामान चेडवाचा डोक्या शिजतला." मग तिला म्हणाले, "मुकुट डोक्यार घेतलो काय मान हलवूची नाय. अख्खो माणूस हलवूक व्हयो." आठवडाभर रोज तासभर घालून घरात चाल, असा हुकूम. त्यामुळे आठ दिवस आमच्या घरात बॅटमॅन पाढे म्हणत होता, बॅटमॅन भाकरी खात होता. ऐकू कमी येतं अशी तक्रार होती. अभ्यासाला बोलावलं की अजिबात ऐकू यायचं नाही.

आबांनी तिला आत येणं शिकवलं. दशावतारात राजा येतो तेव्हा मागे महाल नसतो, एक बाकडं असतं, तेच सिंहासन, तेच रथ, तोच डोंगर. मग महाल दिसतो कसा? "तू उभी रवलंस कशी, थंयसून दिसता," आबा म्हणाले. यायचं, थांबायचं, घाईने बोलायचं नाही. लोकांनी बघितल्यावर बोलायचं. लेकीने पडवीत शंभर वेळा केलं. तोंडाच्या उघड्या भागाला रंगाआधी खोबरेल लावायचं, म्हणजे रंग निघताना त्रास देत नाही, हेही त्यांचंच.

मुखवट्याला रंगाआधी पातळ फेव्हिकॉलचे चार हात दिले होते, तरी हनुवटीपाशी रंग तडकला. चप्पलवाल्या काकांनी काळं बूट पॉलिश चोळायला सांगितलं. तडे बुजले. पायांत पावसाळी गमबूट, त्यांच्या वरच्या कडेला फोमची टोकं.

गॅदरिंगच्या रात्री तिच्या आधी एक मुलगा होता, अंगभर प्लॅस्टिकच्या पिशव्या लावलेला, प्लॅस्टिकबंदीचा संदेश घेऊन. मग आमचं नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. मुखवट्यातून तिला ऐकू आलं नाही, मागच्या झाशीच्या राणीने ढकललं. रंगमंचाच्या चौकटीला डावा कान लागला आणि वाकला. ती मध्यभागी आली, थांबली, दोन्ही हात पसरले. लोकांनी बघितलं. आता बोलायचं. घामाने पॉलिश विरघळून गालांवर दोन काळे ओघळ उतरले होते. संदेश आम्ही घरी पाठ केला होता: वटवाघळं फळं खातात, बिया लांब नेऊन टाकतात, त्यांना मारू नका. एक शब्द आठवला नाही तिला. ती नुसती उभी राहिली, मान न हलवता, अख्खी. पहिल्या रांगेतलं एक पोरगं ओरडलं, "वाघूळ इला रे!" आणि सगळा मांडव हसला. मी डोळे मिटले. उघडले तर ती अख्खी वळली, त्या पोराकडे बघितलं, हात मिटले, झूल अंगाभोवती आली, आणि ती सावकाश आत निघून गेली. आबा शेवटच्या रांगेतून उठून टाळ्या वाजवत होते, गुडघ्यांसकट.

पहिला नंबर प्लॅस्टिकबंदीला. आम्हाला उत्तेजनार्थ, कंपासपेटी. परीक्षकांचा शेरा, पोशाख चांगला पण संदेश दिला नाही. आमच्या पोशाखात त्या पिशव्यांइतकं प्लॅस्टिक नव्हतं हे मी कोणाला सांगायला गेले नाही.

घरी आल्यावर लेकीने झूल उलटी करून जमिनीवर पसरली आणि माझ्या दुकानातला पांढरा मार्कर मागितला. आतल्या बाजूला लिहिलं: आई. आजी. चप्पलवाले काका. आबा. मोबाइलवाले दादा. आजोबा (छत्री). मग विचार करून खाली, कोहळा. कोहळ्याचे सांडगे तोवर पत्र्यावर वाळत होते. "नंतर कोण म्हणायला नको," ती म्हणाली, "की सांगितलं नाही."

जूनमध्ये मृगाचा पहिला पाऊस आला तशी ती झूल घालून अंगणात धावली आणि भिजून चिंब होऊन परतली. सासूबाईंनी झूल हातात घेऊन उजेडात धरली. "सुई घातली थंयसून पाणी येतला. मेणबत्ती हाड." लाइट गेलेलीच होती, मेणबत्ती हाताशी होती. शिवणीवर मेण घासत त्या पडवीत बसल्या. शाळेला पावसाची सुट्टी, मोबाइलला रेंज नाही. लेकीने बराच वेळ इकडेतिकडे केलं आणि मग स्वतःहून ट्रंक उघडली. पानं उलटताना काही बोलली नाही. चड्डीवरही नाही. मग एकदम, "आई, ह्याला बांधून ठेवलाय आणि पुढचं पानच नाहीय."

मी तिला माझा शेवट सांगितला, तीस वर्षं जपलेला.

"छे," ती म्हणाली, "असं नसणार. त्याचा लांडगा कुठेय मग? लांडगा आधी मागच्या बाजूने येतो, पण भुंकत नाही, कारण..."

"मगे?" सासूबाईंनी विचारलं, मेण घासता घासता.